पोटवाला, पायवाला आणि ओकेचं बटण

आमच्या घरात कोरियन येणारी मी एकटीच होते, आणि मला कोरियन येत नव्हती. हे वाक्य परत वाचलं तर माझाच गोंधळ होतो, पण ते खरं आहे. झालं असं, की आईचा धाकटा भाऊ, आमचा मामा, चाकणच्या एका कंपनीत आलेल्या कोरियन साहेबाच्या गाडीवर ड्रायव्हर होता. साहेब मुदत संपवून मायदेशी निघाला तेव्हा विमानतळावर त्यानं मामाचा हात दोन्ही हातांत धरला, कमरेत वाकून नमस्कार केला आणि खिशातला कॅमेरा काढून मामाच्या तळहातावर ठेवला. मामाला वाटलं, फोटो काढायला सांगतोय. त्यानं साहेबाचे फोटो काढले आणि कॅमेरा परत द्यायला गेला, तर साहेब हात मागे घेऊन हसायला लागला. मामा देतोय, साहेब घेत नाही, असं बराच वेळ चाललं. मागच्या गाडीनं हॉर्न वाजवला तेव्हा कुठं मामाच्या डोक्यात उजेड पडला की ही भेट आहे. मामाला बायको नाही, पोरंबाळं नाहीत, स्वतःचे फोटो काढायची हौस तर अजिबात नाही. कॅमेरा आमच्याकडे पिंपरीला आला.

कॅमेरा साबणाच्या वडीएवढा, तीही अर्धी वापरून झालेली. पप्पांच्या शर्टाच्या वरच्या खिशात बसायचा आणि खिसा खाली ओढायचा नाही. बटण दाबलं की भिंग कासवाच्या मानेसारखं बाहेर यायचं आणि आई दर वेळी जराशी मागे सरकायची. तिनंच त्याला ब्लाउजच्या उरलेल्या कापडाची हिरवी, नाडीवाली पिशवी शिवली होती. पडद्यावरची अक्षरं मात्र सगळी कोरियन. ती बदलून इंग्रजी कशी करायची हे कोरियनमध्येच लिहिलेलं असणार, त्यामुळे तो रस्ता बंद होता. मी तेव्हा कॉलेजात जात होते, शिवाय माझं नाव छाया, म्हणजे छायाचित्र हे हिचंच काम, असा मामाचा युक्तिवाद. मी ती अक्षरं माणसांचे चेहरे पाठ करावेत तशी पाठ केली. एक शिडीला टेकवलेला चेंडू होता, एक पालथं घातलेलं स्टूल होतं. पण सगळ्यात कामाचे होते दोन टोपीवाले. दोघांच्याही डोक्यावर टोपी. एकाला टोपीखाली गोल पोट, दुसऱ्याला टोपीखाली फाकवलेले पाय. कॅमेऱ्यानं काही विचारलं की हे दोघं शेजारी शेजारी उभे राहायचे. पोटवाला म्हणजे हो. पायवाला म्हणजे नको, राहू दे. इतकं मी चुकत-माकत शोधून काढलं होतं. कॅमेऱ्यानं मुळात विचारलंय काय, ते कळायचं नाही, पण घरातही बऱ्याच प्रश्नांना आम्ही तशीच उत्तरं देत होतो. आख्ख्या कॅमेऱ्यावर इंग्रजी शब्द एकच होता, मागच्या मधल्या बटणावर. ओके.

हे आठवायचं कारण माझी मुलगी मैत्री. कॉलेज सांभाळून शनिवार-रविवारी ती लग्नांचे फोटो काढते आणि तिच्याकडे तो आरसा नसलेला, नव्या पद्धतीचा कॅमेरा आहे. आरसा नसलेला म्हणजे काय, ते तिनं मला तीनदा समजावलं आणि तिन्ही वेळा मी मान हलवली. माझी समजूत अशी होती की आरसा फक्त बाथरूममध्ये लागतो. तो कॅमेरा धरला की मनगट भरून येतं आणि त्याचं भिंग म्हणजे पाणी प्यायचा तांब्या. त्यात सगळं इंग्रजीत आहे, इंग्रजी मला वाचता येतं, आणि त्यातलं मला अक्षर कळत नाही. उलट त्या साबणाच्या वडीतली अक्षरं परकी होती आणि मला वाटायचं मला सगळं कळतंय. मागे एकदा रावेतला आमच्या घरी मैत्रीनं तिचा कॅमेरा माझ्या हातात दिला, आई, फक्त दाब, असं म्हणाली. मी दाबलं. आवाज आला नाही म्हणून दाबूनच ठेवलं. नंतर पाहिलं तर त्यात माझ्या चपलेचे एवढे फोटो निघाले होते की लग्नाच्या अल्बमला पुरले असते. सगळे स्वच्छ. अंगठ्याजवळची शिवण उसवलीय ते मला त्या दिवशी कळलं.

पण मी पप्पांबद्दल सांगत होते. पप्पा गियरचे दाते पाडणाऱ्या मशीनवर ऑपरेटर होते. तिथे असं होतं की ज्यानं माल काढायचा, त्यानंच तो तपासायचा आणि स्वतःच्या नंबरचा शिक्का मारायचा. चांगला पीस ओके. थोडा कमी-जास्त असेल तर रिवर्क. कामातून गेला असेल तर रिजेक्ट, त्यावर लाल मार्करनं फुली मारायची आणि लाल पेटीत टाकायचा. रिजेक्ट माल पुढच्या ऑपरेशनला गेला तर ऑपरेटरचं नाव जातं, हे पप्पांचं म्हणणं, आणि हे म्हणणं ते शिफ्ट संपल्यावर कंपनीत ठेवून येत नसत. आमच्याकडे भाकरीसुद्धा तपासून व्हायची. कड कच्ची दिसली की पप्पा ती शांतपणे परातीत परत ठेवायचे आणि म्हणायचे, रिवर्क. आई ती तव्यावर अशी आपटायची की आवाज शेजारच्या खोलीत जावा. माझं अक्षर रिवर्क होतं. मामा लग्नाच्या बाबतीत रिजेक्ट होता, तो स्वतःच तसं सांगायचा. ओके फार थोड्या गोष्टींना मिळायचं: आईचं शेंगदाण्याचं कूट घातलेलं वांगं, माझा गणिताचा पेपर, आणि रोज सकाळी पहिल्या पाळीच्या भोंग्याआधी शेजारच्या कारखान्यातल्या, पत्रे ठोकणाऱ्या प्रेस शॉपच्या हादऱ्यांनी आमच्या मांडणीवरचे पेले किणकिणायचे, ते ज्या लयीत किणकिणायचे ती लय. पप्पा झोपेतच कान देऊन म्हणायचे, ओके हाय.

एक चौथाही प्रकार होता, पण तो घरात चालत नसे. त्याला डेव्हिएशन म्हणायचे. म्हणजे पीस मापात बसत नाही, पण काम अडलंय, शिवाय चालून जाईल असं वाटतंय. मग वरचा साहेब स्वतःच्या जबाबदारीवर सही करतो आणि तो पीस पास होतो. पप्पांना त्याचा तिटकारा होता. आयुष्यात त्यांनी कुणाकडे डेव्हिएशन मागितलं नाही. एकदा तव्याला चिकटून फाटलेल्या भाकरीवर आईनं विचारलं होतं, डेव्हिएशन घेता का आज, गॅस संपत आलाय. पप्पा म्हणाले, सही कोण करणार? आणि भाकरी तशीच राहिली.

ज्या वर्षी कॅमेरा आला त्याच वर्षी पप्पांचं मशीन जाणार असं ठरलं. कंपनीचा तो विभाग चाकणला नव्या शेडमध्ये हलणार होता, तिथे पडदेवाली नवी मशीनं येणार होती, आणि पप्पांचं हिरवं, तेलकट, बुटकं मशीन कुणाला तरी विकलं गेलं होतं. दसरा झाला की ट्रेलर येणार. पप्पा एकदा जेवताना म्हणाले, की यंदा खंडेनवमीला सगळे चला, छाया कॅमेरा घेईल, मशीनबरोबर एक फोटो पाहिजे. पप्पांनी काही पाहिजे असं म्हटल्याचं मला तोवर आठवत नव्हतं. आईच्याही हातातला डाव तसाच राहिला. मग ती म्हणाली, म्हणजे सवतीला निरोप द्यायला जायचं. आई त्या मशीनला सवतच म्हणायची. नवऱ्याचा दिवस तिच्याकडं, ओव्हरटाइम तिच्याकडं, आमच्याकडं फक्त धुवायचे कपडे, असा तिचा हिशोब.

खंडेनवमीला कंपनीत कामगारांच्या घरच्यांना आत सोडायचे. एरवी गेटवर नटबोल्टसाठी खिसे तपासणारा वॉचमन त्या दिवशी पोरांच्या हातात पेढा द्यायचा. शेड धुतलेली, मशीनांना झेंडूच्या माळा, नारळ फुटल्याचे आवाज, उदबत्तीच्या वासाखालून येणारा, मशीन थंड ठेवणाऱ्या कूलंटचा आंबूस वास, आणि कागदी पुड्यांतली बुंदी, जिला तो वास लागलेलाच असायचा. आम्ही बौद्ध, पप्पा पूजा करत नसत. पण मशीन ते स्वतः पुसायचे, रॉकेलच्या बोळ्यानं, कोपऱ्याकोपऱ्यातून. कुणी विचारलंच तर म्हणायचे, जो बारा महिने काम करतो त्याला एक दिवस अंघोळ घालायला कुठल्या धर्माची ना आहे. त्या वर्षी त्यांनी मशीनला माळही घातली. नंतर ती थोडी वर सरकवली, कारण ती पितळी नंबरप्लेटवर येत होती.

आणि मग फोटो. इथे त्या कॅमेऱ्याचा स्वभाव सांगायला हवा. त्याचं बटण दाबलं की तो आधी विचार करायचा. किती, ते त्याच्या मर्जीवर. मग चिक असा आवाज यायचा. दाबणं आणि चिक यांच्यामध्ये माणूस धीर सोडतो. पप्पा मशीनशेजारी गेटपासच्या फोटोला उभे राहावं तसे ताठ उभे राहायचे, हात मांडीला चिकटलेले, श्वास धरलेला. मी दाबायचे. काही होत नाही असं पाहून ते श्वास सोडायचे, आलं का, म्हणून पुढे वाकायचे, आणि तेव्हा चिक व्हायचं. किंवा त्यांना प्लेटवर डाग दिसायचा आणि ते रुमाल काढून वळायचे, चिक. किंवा आई मध्ये शिरायची. तिला पप्पांची कॉलर आत दुमडलेली दिसली होती, आणि त्यांच्या श्वास धरण्यात तिचा हात सारखा घुसत होता. पप्पा तोंड न हलवता म्हणायचे, बाजूला हो, प्लेट झाकतीस. आई बाजूला व्हायची, पुटपुटायची, झाकली सवतीची पाटी. पुढे मला युक्ती सापडली. दाबायचं आणि लगेच ओरडायचं, पप्पा, हलू नका, अजून विचार करतोय. तसे मोजके फोटो अगदी जमले. पप्पा सरळ, मशीन पूर्ण, प्लेटवरचा नंबर वाचता येईल असा, आणि आई बाहेर.

दुसऱ्या दिवशी दसरा, म्हणजे आमच्याकडे धम्मचक्राचा दिवस. संध्याकाळी विहारात जायचं होतं. दुपारी आई पांढरी साडी नेसून गॅसपाशी खीर ढवळत होती आणि डाग पडू नये म्हणून तिनं पुढे माझी ओढणी बांधली होती. मी वेलची कुटत होते. पप्पा पांढरा शर्ट घालून खाटेवर बसले होते आणि त्यांच्या हातात कॅमेरा होता. उद्या स्टुडिओत कार्ड द्यायचं होतं, आणि त्याआधी त्यांना माल निवडायचा होता. रिजेक्ट माल पुढच्या ऑपरेशनला पाठवायचा नाही. कॅमेऱ्याच्या मागे एका बटणावर छोट्या पेटीचं चित्र होतं, ते त्यांनी बरोबर ओळखलं होतं. मला आता वाटतं की त्यांचा तर्क साफ होता: तपासणीला माणूस लाल पेटीशेजारीच उभा राहतो. पेटीचं बटण दाबलं, म्हणजे तपासणी सुरू झाली. पडद्यावर फोटो, आणि त्याखाली दोन टोपीवाले.

त्यांनी तिथूनच विचारलं, "छाया, हा पोटवाला काय म्हणतो?"

मी म्हटलं, "ओके म्हणतो, पप्पा."

"आन् पायवाला?"

"तो नको म्हणतो."

माझी दोन्ही उत्तरं बरोबर होती. आजही बरोबर आहेत. मी त्या उत्तरांवर पुष्कळ वेळा परत जाऊन बघितलंय.

खोलीत बराच वेळ नुसता खिरीचा खदखद आवाज होता आणि मधूनमधून बटणाचा. पप्पांचे ओठ हलत होते. शिक्का मारताना ते तसेच पुटपुटायचे. चांगला फोटो आला की, ओके. तो पडद्यावरून जायचा आणि दुसरा यायचा. वाईट आला की, नको. तो जागचा हलायचा नाही, मग पप्पा बाणाचं बटण दाबून पुढे सरकायचे. हेही त्यांना पटणारंच होतं. ओके माल पुढे जातो, रिजेक्ट तिथंच पडून राहतो. लाइनवर आणखी वेगळं काय होतं? सगळं झाल्यावर त्यांनी कॅमेरा माझ्याकडे धरला. चेहऱ्यावर समाधान होतं आणि अगदी थोडासा प्रश्न.

"इन्स्पेक्शन झालं. आता नुसता रिजेक्ट दिसतोय. ओके माल कुठं ठेवतो हा?"

मी पुढचं बटण दाबलं, मागचं दाबलं. श्वास सोडलेले पप्पा. पाठमोरे पप्पा. आईचा हात. पुढे वाकलेलं अर्धं कपाळ. परत श्वास सोडलेले पप्पा. मी वेलचीच्या हातानं परत सगळे फोटो फिरवले, कारण मला वाटलं मीच काहीतरी चुकीचं दाबतेय. पप्पा माझ्या तोंडाकडे बघत होते. चांगले सगळे पुसले गेलेत, हे मी सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. ते म्हणाले, "पण मी ओके म्हणलं होतं. ओके म्हणजे ओके ना गं?" मी हो म्हटलं. मग ते म्हणाले, मग? जगातल्या सगळ्या कॅमेऱ्यांत, आपण जे पुसून टाकतो त्याला ओके का म्हणतात, हे मैत्रीलाही सांगता आलेलं नाही.

पप्पा चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं, आईनं त्यांना काहीतरी सुनावलं असतं. ते कॅमेरा हिरव्या पिशवीत घालून, नाडी ओढून, विहारात आले आणि मागे सतरंजीच्या कडेला बसले. मामा आला होता, त्याला यातलं काही माहीत नव्हतं. त्यानं पिशवी उघडून दिवे, पोरं, खीर वाढणाऱ्या बाया असे धडाधड फोटो काढले. परतताना पप्पा एवढंच म्हणाले, मशीन चुकत न्हाई, ऑपरेटर चुकतो. आईनं वाटेत त्यांची कॉलर सरळ केली. ट्रेलर आला आणि मशीन गेलं. पप्पा कंपनीच्या बसनं चाकणला जायला लागले, पडद्यासमोर उभं राहायला.

मामानं मात्र हार मानली नाही. तो कार्ड घेऊन पिंपरीच्या एका स्टुडिओत गेला, तिथला माणूस म्हणाला, पुसलेले फोटो निघतात कधीकधी. आम्ही आशेनं गेलो. फोटो निघाले. बर्फ होता, बर्फात लाल टोपी घातलेली एक लहान मुलगी होती, वाफा निघणारा वाडगा होता, आणि साहेब होता, कमरेपर्यंत बर्फात, हसणारा. आमच्या फोटोंच्या जागेवर मामाचे विहारातले फोटो बसले होते म्हणे, त्यामुळे ते गेले ते गेलेच. खालचे जुने मात्र वर आले. पप्पांनी प्रत्येक फोटो नीट पाहिला. त्यांना वाटलं असावं, पुढे कुठेतरी मशीन येईल. आईनं त्या मुलीचा एक प्रिंट काढून घेतला. कुणाची तरी लेक हाय, फेकवत न्हाई, म्हणाली. तिच्याबरोबर मी आमचाही एक फोटो छापायला टाकला. रिजेक्टमधलाच. त्यात मशीन कडेला आलंय आणि हललंय, प्लेटवरचा नंबर म्हणजे पिवळा ठिपका. पप्पा हसू दाबत मान वाकडी करतायत आणि आईचा हात त्यांच्या कॉलरवर आहे. आईचं तोंड अर्धंच आलंय, काहीतरी बोलताना. पप्पांनी तो पाहिला, उलटा केला आणि मागे लाल मार्करनं फुली मारली. सवयीनं. आई बघत होती. तिनं तो त्यांच्या हातातून घेतला आणि साड्यांच्या ट्रंकेत टाकला, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला कळलं, की पुसले गेले त्या एकाही फोटोत आई नव्हती, आणि उरले त्यातल्या बहुतेकांत ती होती.

तेव्हापासून हा आमच्या घरातला जुना वाद. दोघं मोशीच्या फ्लॅटमध्ये राहायला गेल्यावर आई दर काही महिन्यांनी विषय काढायची, त्या फोटोला फ्रेम करून भिंतीला लावू. पप्पा म्हणायचे, फुली मारलेला पीस भिंतीवर लावत न्हाईत. आई म्हणायची, व्हय, मी ज्यात हाय तो रिजेक्टच. ती हे हसत म्हणायची. हसत म्हणायची म्हणून आम्ही ते बरीच वर्षं विनोदातच धरलं.

मागच्या रविवारी मैत्रीनं ठरवलं की आजी-आजोबांचा एक चांगला फोटो काढायचाच. आम्ही रावेतहून मोशीला गेलो. आधी तिनं कपाटातली साबणाची वडी शोधून चार्ज केली, आणि तिच्या मोबाइलनं ती कोरियन अक्षरं वाचून दाखवली. पोटवाला म्हणजे ठीक आहे. पायवाला म्हणजे रद्द करा. आणि त्यांच्या वरती एक ओळ होती, जी लांबलचक म्हणून आम्ही कधी ओळखपाळखच करून घेतली नव्हती. हा फोटो काढून टाकायचा का? मला थोडं उदास वाटलं. इतकी वर्षं ज्यांना मी नावानिशी ओळखत होते ते दोघं नुसते कारकून निघाले.

मग तिचा कॅमेरा बाहेर आला. पप्पांना तो बेहद्द आवडला, हे सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल की ही जुनं ते सोनं म्हणणारी कहाणी आहे. त्यांनी तो दोन्ही हातांनी तोलून पाहिला, भिंगाच्या आट्यांवर नख फिरवलं आणि म्हणाले, फिनिशिंग ओके. पडद्यावर त्यांच्या डोळ्याभोवती एक छोटी चौकट येऊन बसली आणि ते हलले तशी हलली, तेव्हा ते पोरासारखे मान डावी-उजवीकडे करत राहिले. फोटो मोठा करून मैत्रीनं त्यांची पापणी मोजता येईल अशी दाखवली. पप्पा म्हणाले, याला म्हणायचं माप. आई म्हणाली, कानातले केस पण मोजा मग. दोघं सोफ्यावर बसली. अडचण एकच आली: त्या कॅमेऱ्याला आवाज नाही. पप्पांनी श्वास धरला, हात मांडीवर ताठ, आणि ते चिक होण्याची वाट बघत राहिले. जुन्या कॅमेऱ्यापुढे ते लवकर सुटायचे, नव्यापुढे सुटेचनात. मैत्री म्हणत होती, आजोबा, झाले कितीतरी. त्यांचा विश्वास नव्हता. चेहरा लाल व्हायला लागला तेव्हा आई म्हणाली, अवो, श्वास घ्या, आणि तिचा हात सवयीनं त्यांच्या कॉलरकडे गेला.

मैत्रीनं कॅमेरा त्यांच्यापुढे धरला आणि म्हणाली, तुम्हीच निवडा. पप्पांनी मागची बटणं पाहिली. इथेही मधल्या बटणावर तीच दोन इंग्रजी अक्षरं होती. त्यांनी दोन्ही हात उचलून पाठीमागे नेले. "मी हात लावत न्हाई. तू दाखव, मी सांगतो." मैत्री एकेक दाखवत गेली. सरळ बसलेले पप्पा, सरळ बसलेली आई. ओके. ओके. हाही ओके. मग तो आला, आईचा हात कॉलरवर, तिचं तोंड अर्धवट बोलताना, पप्पा श्वास सोडून मान वाकडी करताना. फार स्वच्छ. आईच्या बोटावरचा भाजल्याचा जुना डागही दिसत होता. पप्पांचं तोंड उघडलं, शब्द येता येता राहिला.

"म्हना की," आई म्हणाली. "सवयच हाय तुमाला."

पप्पा मला म्हणाले, छाया, ट्रंकेतला तो फोटो आण. मी आणला. त्यांनी तो जुना फोटो गुडघ्यावर ठेवला, कॅमेऱ्यातल्या फोटोकडे पाहिलं, परत खाली पाहिलं. तपासताना पीस आलटून पालटून बघायचे तसं. मशीनच्या पिवळ्या ठिपक्यावर अंगठा ठेवून उरलेला भाग पाहिला. मग फोटो उलटा केला. फुलीचा लाल रंग विटून गुलाबी झाला होता. खिशातलं पेन काढून त्यांनी फुलीच्या खाली हळूहळू एक शब्द लिहिला. मला वाटलं होतं ओके लिहितील. त्यांनी लिहिलं, डेव्हिएशन. आणि पेन आईपुढे धरलं.

आईनं विचारलं, हे काय?

"याला वरच्याची सही लागते," पप्पा म्हणाले. "कर."

"आता आठवली व्हय वरची," आई म्हणाली. पण तिनं पेन घेतलं, चष्मा शोधला, फोटो सोफ्याच्या हातावर नीट टेकवला आणि आपलं पूर्ण नाव, सासरच्या आडनावासकट, एकेक अक्षर जोडत लिहायला घेतलं. पप्पा शेजारी वाकून बघत होते, प्लेटवरचा नंबर वाचावा तसे. मैत्री कॅमेरा डोळ्याला लावून उभी होती. तिनं तेव्हा फोटो घेतला की नाही, मला कळलं नाही. त्याचा आवाजच येत नाही.